अभ्यासक्रमाआधी घरच्या ओट्यावर

पाककलेचा अभ्यासक्रम सुरू होण्यास दोन महिने आहेत, तर परदेशी सॉसच्या मागे न लागता तुम्ही या काळात फोडणी आणि भाकरी या दोनच गोष्टी हाताखालून घालाव्यात, असे मी सुचवेन.

फोडणीत बहुतेकांची चूक घाईची असते. तेल पुरेसे तापण्याआधीच मोहरी टाकली, तर ती तडतडत नाही आणि वरणात कच्ची, कडवट दाताखाली येते. म्हणून आधी 2-3 दाणे टाकून पाहावेत. मोहरी तडतडली की जिरे, मग आच मंद करून हिंग, आणि हळद अगदी शेवटी, कारण ती काही क्षणांत करपते. (माझी पहिली फोडणी आईने निमूटपणे ओतून दिली होती.)

भाकरीला अधिक वेळ द्यावा. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचे पीठ कणकेसारखे धरून राहत नाही. गरम पाण्यात भिजवून तळहाताने रगडून मळल्यावरच ते एकजीव होते. सगळे पीठ एकदम न भिजवता एकेका भाकरीपुरतेच मळावे, आणि पीठ जुने असल्यास त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याचा गुण, गेलेली असते, तेव्हा थापताना कडा तुटल्या तर स्वतःला दोष देऊ नये. तव्यावर टाकताना कोरड्या पिठाची बाजू वर ठेवून तिला पाणी लावावे व ते पूर्ण सुकण्याआधीच भाकरी उलटावी. उशीर झाला की भेगा पडतात आणि ती फुगत नाही.

गोडा मसाला व पुरणपोळी तूर्त बाजूला ठेवावी. मात्र घरातली जाणती माणसे ‘अंदाजाने’ जे मीठ-तिखट घालतात, ते पातेल्यात पडण्याआधी चमच्याने मोजून वहीत लिहून ठेवावे.