जळगाव जिल्ह्यातील पाचोरा–जामनेर छोट्या रेल्वेच्या पडीक मार्गावर न्यूयॉर्कच्या हाय लाइनसारखा चालण्याचा आणि सायकलचा मार्ग करता येईल का? खर्च किती येईल?

करता येईल, पण तुम्ही प्रश्नात या मार्गाला ‘पडीक’ म्हटले आहे, ते मला मान्य नाही. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूरमार्गे जामनेरला जाणारी ही गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, ५६ किलोमीटरच्या मार्गावर, जवळजवळ शंभर वर्षे धावली, मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा सुटली नाही. लोकांनी तिला टाकलेले नव्हते. मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्यास मंजुरी मिळालेली आहे, आणि गाडी की पायवाट असा प्रश्न आला तर मी गाडीच्याच बाजूने बोलेन. म्हणून माझे उत्तर, नव्या रुळांच्या आखणीत न येणारे जे तुकडे मागे राहतील, त्यांच्यापुरतेच आहे.

हाय लाइनचे उदाहरण आपल्या कामाचे नाही. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली ती बाग भर शहरात लोखंडी खांबांवर उभी आहे आणि अडीच किलोमीटरचीही नाही. आपला मार्ग काळ्या जमिनीतून, मातीच्या भरावावरून जातो, आणि भरावाचा जीव त्याच्या मोऱ्यांत, म्हणजे खालून पाणी जाण्याच्या बांधीव वाटांत, असतो. हे मी सोसून शिकलो आहे.

माझे वडील, नाना, याच मार्गावर गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, होते. गाडी बंद पडल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी हट्ट धरला, म्हणून एका सकाळी मी त्यांना शेंदुर्णीच्या पुढे रुळांवर घेऊन गेलो. वय ८१, तरी ते खाली न पाहता रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर पाऊल टाकत होते, कारण ते अंतर त्यांच्या पायांत भिनलेले होते. मी मात्र खडीत अडखळत होतो आणि थोड्याच वेळात माझा घोटा मुरगळला. प्रत्येक मोरीपाशी नाना थांबत, काठीने दगड ठोकून पाहत आणि पाणी कोणाच्या शेतातून येते, कोणाच्या शेतातून नाल्याला लागते, हे सांगत. आमच्या शेताजवळच्या मोरीत त्यांनी काठी घातली, तर ती अर्धी गाळात गेली. ‘पावसाच्या आधी हे काढून घ्या,’ एवढेच ते म्हणाले.

आम्ही गाळ काढला नाही. थोरल्या भावाचे, दादांचे, म्हणणे असे होते की गाडी गेली, आता ती जमीन लगतच्या शेतकऱ्यांनीच कसावी. ट्रॅक्टर भरावापलीकडे नेण्यासाठी त्यांनी मोरीच्या तोंडाशीच तीन ट्रॉल्या मुरूम टाकून उतार केला. मी अडवायला गेलो, तेव्हा ‘मोकळी जागा कोणासाठी राखायची?’ असे त्यांनी चारचौघांत विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. त्याच पावसाळ्यात भरावाच्या वरच्या अंगाला चार दिवस पाणी तुंबून राहिले. शेजाऱ्यांच्या कपाशीबरोबर आमचीही कपाशी पिवळी पडली आणि तिने माना टाकल्या.

दादांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी आज देतो: सलग पट्टा हीच या जमिनीची किंमत आहे. पन्नास ठिकाणी बांध पुढे सरकले, तर तेथे पुढे ना गाडी येईल, ना पायवाट होईल. अमेरिकेत १९८३ साली कायद्यात अशी तरतूद झाली की बंद मार्गाचा पट्टा न तोडता तो पायवाटेसाठी वापरावा आणि गरज पडल्यास तेथे पुन्हा रेल्वे आणता यावी. न्यूझीलंडमधील ओटागो भागात सुमारे दीडशे किलोमीटरचा बंद मार्ग २००० साली चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी खुला झाला, आणि वाटेवरच्या लहान गावांत मुक्कामाचा व जेवणाचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे शेंदुर्णीला त्रिविक्रमाचे मंदिर आहे आणि पहूरहून अजिंठ्याची लेणी दूर नाहीत. शिवाय रेल्वेचा चढ इतका सौम्य असतो की म्हातारे माणूसही सायकल रेटू शकते.

खर्चाचा अंदाज किलोमीटरवर बांधू नका, मोऱ्या आणि पूल मोजून बांधा. रूळ काढणे, खडीवर मुरूम पसरून पाणी मारणे आणि रोलरने दबाई करणे ही कामे तुलनेने सोपी आहेत. उघड्या खडीवर सामान्य माणूस चालू शकत नाही, हे माझ्या घोट्याने मला सांगितले आहे. पुलांना कठडे बसवणे आणि प्रत्येक मोरी साफ करून नीट बांधणे, यातच पैसा जाईल. पाहणी श्रावणात करा. उन्हाळ्यात गेलात तर पाणी कुठे अडते ते दिसणारच नाही.

आणखी काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. गाडी धावत नसली तरी जमीन रेल्वेची आहे, त्यामुळे परवानगीशिवाय एक पाटी मुरूमही टाकू नका. आमच्या घरातून ती चूक झालेली आहे. जुने लाकडी स्लीपर मिळाले तर ते चुलीत घालू नका, कारण लाकूड टिकावे म्हणून त्यांत विषारी तेल मुरवलेले असते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो, तेव्हा सावलीवाचून ही वाट दिवसभर ओस पडेल. दोन्ही बाजूंना कडुनिंब लावा, पण मोरीच्या तोंडापासून लांब.

ती मोरी आम्ही पुढच्या वैशाखात मोकळी केली. नाना काठी टेकून काठावर उभे होते, आणि मुरूम उचलायला ट्रॅक्टर दादांनीच आणला.