समुद्रतळाची धूप आणि पवनचक्कीचा पाया

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

समुद्रातील पवनचक्क्यांच्या पायाभोवती होणारी तळाची धूप, म्हणजेच स्कावर, हा विषय तू एम.टेक.च्या प्रबंधासाठी निवडलास, याचे मला मनापासून समाधान वाटले. नागपुरात राहून समुद्राचा अभ्यास कसा करायचा, ही शंका मात्र मनातून काढून टाक. कन्हानच्या पुलाचा खांब असो की भरसमुद्रातील पवनचक्कीचा, त्याच्या पायथ्याची रेती उचलली जाण्याचे मूळ कारण एकच आहे.

ते कारण सूत्रातून शिकण्याआधी डोळ्यांनी पाहा. प्रयोगशाळेतील फ्लूममध्ये, म्हणजे पाणी वाहते ठेवता येणाऱ्या लांब हौदात, रेतीचा थर सारखा कर, त्यात एक नळकांडे रोव आणि पाण्याचा वेग हळूहळू वाढव. रेती प्रथम नळकांड्याच्या अगदी समोर हलत नाही. समोरच्या भागाच्या दोन्ही कडांना, जिथे पाणी वळसा घेताना वेग धरते, तिथे ती सुटू लागते आणि पुढे हे दोन्ही खळगे समोर येऊन एकमेकांना मिळतात. खांबावर आदळलेले पाणी खाली वळते, तळाशी गुंडाळले जाते आणि घोड्याच्या नालाच्या आकाराचा भोवरा होऊन खांबाला वेढते. खड्डा खोदण्याचे मुख्य काम हा भोवरा करतो.

पुलांच्या खांबांजवळ नदीचा तळ किती खोल उकरला जाईल, हे काढायला शिकलेले लेसीचे सूत्र मात्र समुद्रात नेऊ नकोस. ते गाळाच्या कालव्यांच्या निरीक्षणांतून आलेले आहे, आणि समुद्रात तर भरती-ओहोटीबरोबर प्रवाहाची दिशाच उलटते. तेथे स्थिर प्रवाहासाठी खड्ड्याची समतोल खोली, म्हणजे ज्या खोलीला तो वाढायचा थांबतो ती, खांबाच्या व्यासाच्या सरासरी १.३ पट धरतात, परंतु त्या आकड्यासोबतचे ०.७ पट हे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव, बहुतेक विद्यार्थी सोडून देतात. ८ मीटर व्यासाच्या खांबाला सरासरीने १०.४ मीटर खोली येते, तर एक प्रमाण विचलन वर गेले की तीच १६ मीटर होते. लाटांचा हिशेब निराळा आहे. तळाशी १.५ मीटर प्रतिसेकंद वेग आणि १० सेकंदांचा आवर्तकाल धरला, तर याच खांबासाठी क्युलेगन-कार्पेंटर अंक, म्हणजे वेग गुणिले आवर्तकाल भागिले व्यास, २ च्याही खाली राहतो. तो ६ च्या वर गेल्याशिवाय केवळ लाटांनी असा खड्डा पडत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, ते सांगतो. मोजलेली खोली ही घडून गेलेली सर्वाधिक खोली आहे, असे कधीही समजू नकोस. सर्वेक्षणाची बोट शांत हवेतच जाते. तोवर वादळात उकरला गेलेला खड्डा सैल रेतीने पुन्हा भरलेला असू शकतो, आणि त्या रेतीचा आधार मूळ घट्ट तळासारखा नसतो. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील स्क्रोबी सँड्स येथे २००३-०४ मध्ये ४.२ मीटर व्यासाचे खांब रोवले गेले आणि त्यांच्याभोवती सुमारे ५ मीटर खोल खड्डे आढळले. असा आकडा वाचलास की तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या हवामानानंतर मोजला, हे आधी शोध.

खोली वाढली की खांबाची मोकळी लांबी वाढते, ताठरपणा घटतो आणि त्याची नैसर्गिक वारंवारता खाली सरकते. ती रोटरच्या, म्हणजे पात्यांच्या चक्राच्या, फिरण्याच्या वारंवारतेजवळ गेली की कंपने वाढतात आणि पोलादाचे आयुष्य झिजते. दगडांचा थर टाकला म्हणजे काम संपले, असेही नाही. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह येथे दगडांच्या फटींतून खालची रेती ओढली गेल्याने खांबालगतचा थर खाली बसला, आणि असा थर जिथे संपतो त्या काठाशी नवी धूप सुरू होते, ती वेगळीच.

आपल्याकडे गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ असे प्रकल्प आखले जात आहेत. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीचा प्रवाह फार जोराचा आहे आणि तेथील रेतीचे बांध स्वतःच जागा बदलतात. त्यामुळे खांब रोवण्याआधीच तळाची पातळी किती खालीवर होते, हे धरूनच मग स्थानिक खड्डा त्यात मिळवावा लागतो. प्रबंधात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांड, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

फ्लूममध्ये प्रवाह थांबवल्यावर खड्डा कसा भरतो, याच्याही नोंदी ठेव आणि पहिल्या मालिकेचे आलेख मला पाठव.

तुझा शिक्षक