पोस्टिंग लागली आणि पोरगी म्हणते, नर्सिंग सोडतो

पोरगी नर्सिंगला आहे, कॉलेजात नुसते तास होते तोवर बरं चाललं होतं, वॉर्डात पोस्टिंग लागली आणि आता रोज रडते, सोडायचं म्हणते, काय करू? कोल्हापुरात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहावंच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

गगनबावड्याकडची मुलगी, जीएनएमचं म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं पहिलं वर्ष. तीन वर्षांच्या फीसाठी वडिलांनी कर्ज काढलेलं. ते आल्या आल्याच म्हणाले, "मॅडम, रगत बघून भ्याली आसंल, तेवढं भ्या घालवा." आणि ती आपली एकच, "मला काहीच येत नाही, मी सोडतो." अशा वेळी मी समजूत काढत बसत नाही, "तू हुशार आहेस गं" म्हणून कुणाचा विश्वास परत आलेला मी बघितला नाही, पण घडलेला प्रसंग बारीकसारीक सांगायला लावला की माणसाला आपण काय केलं ते दिसायला लागतं. म्हटलं, सगळ्यात वाईट दिवस सांग.

"एका आज्जींचा बीपी घेत होतो. पट्टा बांधला, स्टेथो लावला, ठोकेच ऐकू येईनात. परत हवा भरली, तरी नाही. त्यांचा मुलगा ओरडला, शिकाऊ पोरी कशाला पाठवता म्हणून."

"मग कागदावर काय लिहिलंस?"

"काय नाही. सिस्टरना म्हटलं मला ऐकू येत नाहीये, तुम्ही बघा. त्या सगळ्यांसमोर बोलल्या, एवढं पण येत नाही?"

"बाकीच्या मुली काय करतात अशा वेळी?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "काहीजणी सरळ नॉर्मल, १२०/८० लिहून टाकतात."

"तू का नाही लिहिलंस?"

"आज्जींची गोळी त्या आकड्यावर ठरणार होती ना मॅडम."

हे बोलली आणि स्वतःच थांबली. मीही काही बोलले नाही, ते तिचं तिलाच ऐकू यायला हवं होतं. रक्ताला ती भ्यालेलीच नव्हती, चारचौघांत "येत नाही" म्हणावं लागलं त्याची लाज बसली होती. आणि पेशंटचा जीव तर तेच म्हणणाऱ्या नर्सच्या हातात सुरक्षित असतो, ठोके ऐकू येणं काय, सरावाने येतंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात ५९ लाख नर्सेस कमी आहेत असं म्हटलंय. आपल्याकडे २०२३ च्या बजेटमध्ये १५७ नवीन नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली. सीटा वाढायलाच हव्यात, पण अशी मुलगी पहिल्याच पोस्टिंगला गळाली तर त्या सीटेचा काय उपयोग, मला खरी काळजी याची वाटते.

त्यामुळे पालकांनो, पोस्टिंगच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडायचा निर्णय घेऊ नका. "मन घट्ट कर" म्हणू नका, आज वॉर्डात काय काय केलंस ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. स्टेथो लावून बघायचं बीपीचं मशीन घरी आणा, तुमचा हात पुढे करा, आजोबांचा, शेजाऱ्यांचा, होऊ दे सराव. आणि ॲडमिशन घेतानाच कॉलेजला विचारा की पोस्टिंगला शिकवणाऱ्या मॅडम मुलींबरोबर वॉर्डात थांबतात का, की मुलींना नुसतं कामाला जुंपतात. फीच्या आधी हे विचारा. ही मुलगी त्यानंतर तिच्या क्लास टीचरशी बोलली, त्यांनी तिला चार दिवस सोबत ठेवून बीपी शिकवला. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.