शंका-समाधान : दाबाखालची हवा, तिच्यातले पाणी आणि एफआरएल

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. काजूगराची तांबूस साल हवेच्या झोताने काढणाऱ्या दोन यंत्रांना १० अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरमधून ७ बार दाबाची हवा पुरवली जाते. जूनपासून नोझलमधून पाण्याचे तुषार येतात, साल गराला चिकटून राहते आणि तुकडा (तुटलेल्या गरांचे प्रमाण) वाढतो. एफआरएलमधील (फिल्टर, दाब लावणारा रेग्युलेटर आणि हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर यांचा संच) फिल्टरची वाटी आम्ही रोज सकाळी रिकामी करतो. ४० मायक्रॉनच्या जागी ५ मायक्रॉनचा फिल्टर बसवल्यास पाणी थांबेल काय? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : थांबणार नाही. आपल्याला त्रास देणारे पाणी फिल्टरपाशी येते तेव्हा त्याचा बराच भाग बाष्परूपात असतो आणि बाष्पाला ५ मायक्रॉनची जाळीही ४० मायक्रॉनच्या जाळीइतकीच मोकळी असते. फिल्टरमध्ये शिरणाऱ्या हवेला आतल्या तिरप्या पात्यांमुळे भोवऱ्यासारखी गती मिळते, जड थेंब वाटीच्या कडेला फेकले जाऊन खाली साठतात आणि धूळ व गंजाचे कण मधल्या जाळीत अडकतात. फिल्टरचे काम एवढेच. हवा कोरडी करणे हे त्याचे काम नव्हे.

पाणी किती असते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प मावते; पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्के धरली तर ते सुमारे २४ ग्रॅम होते. ७ बार दाबासाठी (त्यात वातावरणाचा एक बार मिळवून) बाहेरची ८ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते, म्हणजे तिच्यासोबत १९० ग्रॅमहून अधिक बाष्प येते, पण हवा पुन्हा २८ अंशांपर्यंत निवल्यावर त्या एका घनमीटरात २७ ग्रॅमच राहू शकते आणि उरलेल्याचे पाणी होते. आपला कॉम्प्रेसर मिनिटाला एक घनमीटर हवा ओढतो असे धरले, तर तासाला सव्वा लिटर आणि आठ तासांच्या पाळीत दहा लिटर पाणी निघते. एवढे पाणी रोज सकाळी एकदा रिकामी होणाऱ्या लहानशा वाटीने सांभाळावे ही अपेक्षाच चुकीची आहे. वाटीतील पातळी आतल्या चकतीच्या वर गेली की साठलेले पाणी हवेबरोबर पुन्हा उचलले जाते.

गंमत अशी, की मे महिन्यात ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरली तरी हवेतले बाष्प जवळपास तेवढेच भरते. मग तक्रार पावसाळ्यातच का? आपल्याकडे हवेची पाइपलाइन पुष्कळदा पागोळ्यांखालून, बाहेरच्या भिंतीने नेलेली असते. कॉम्प्रेसरमधून गरम निघालेली हवा त्या भिजलेल्या पाइपात निवते आणि पाणी थेट यंत्राच्या तोंडाशी तयार होते. म्हणून हवा आधीच, टाकीपाशी, निववावी. कॉम्प्रेसरला आफ्टरकूलर (बाहेर पडणारी गरम हवा निववणारे उपकरण) नसेल तर तो बसवावा, टाकीच्या तळाला स्वयंचलित ड्रेन लावावा, मुख्य पाइपाला शंभरास एक असा उतार देऊन शेवटी पाणी काढण्याचा कॉक ठेवावा आणि यंत्राकडे जाणारी फांदी मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने, वळण देऊन काढावी. खालून काढलेली फांदी म्हणजे पाण्याला दिलेले आमंत्रणच. काजू वाफवण्याच्या कुकरशेजारी कॉम्प्रेसर ठेवण्याची चूकही मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तो वाफच ओढत राहतो.

एवढे करूनही हवा बाष्पाने पूर्ण भरलेलीच राहील. साल सोलण्यासाठी गर आधीच वाळवून कोरडा केलेला असतो, त्यावर अशी हवा सोडणे मला परवडणारे वाटत नाही. टाकीनंतर रेफ्रिजरेशन पद्धतीचा ड्रायर बसवावा. तो दाबाखालची हवा सुमारे ३ अंशांपर्यंत निववतो, तेव्हा तिच्या प्रत्येक घनमीटरात २७ ऐवजी सुमारे ६ ग्रॅम बाष्प उरते. ५ मायक्रॉनचा फिल्टर नंतर यंत्रापाशी, ४० मायक्रॉनच्या फिल्टरनंतर, अवश्य लावावा. एकटा लावल्यास तो लवकर चोंदतो. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.७ बारचा फरक पडू लागला की आतली जाळी बदलावी आणि फरक पडला नाही तरी वर्षातून एकदा बदलावी.

प्रश्न : आमच्या काजू फोडण्याच्या यंत्रांना आणि साल काढण्याच्या यंत्राला मिळून एकच एफआरएल आहे. मेकॅनिकने त्याच्या ल्युब्रिकेटरच्या वाटीत तेल भरून दिले. आता गरांना तेलाचा वास येतो. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : वास येणारच. ल्युब्रिकेटर हवेत तेलाचे धुके सोडतो आणि ते धुके झोताबरोबर सरळ गरावर बसते. फोडणी यंत्राच्या सिलिंडरला तेल लागत असेल तर साल काढण्याच्या यंत्राची फांदी ल्युब्रिकेटरच्या आधी वेगळी काढावी आणि तेलाने भरलेला तिचा जुना पाइप बदलून टाकावा. तेलात चालणारा कॉम्प्रेसर स्वतःही थोडे तेल हवेत सोडतो, म्हणून खाद्यपदार्थावर पडणाऱ्या हवेसाठी ०.०१ मायक्रॉनचा कोॲलेसिंग (तेलाचे बारीक कण एकत्र करून थेंबरूपात पकडणारा) फिल्टर आणि त्यानंतर सक्रिय कोळशाचा फिल्टर लावणे श्रेयस्कर. ‘आयएसओ ८५७३-१’ या दाबाखालच्या हवेच्या शुद्धतेच्या मानकात धूळ, पाणी आणि तेल यांचे वर्ग स्वतंत्र दिलेले असतात. खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून तिन्ही वर्ग लिहून घ्यावेत.

फोडणी यंत्राच्या ल्युब्रिकेटरमध्ये ‘आयएसओ व्हीजी ३२’ जातीचे तेल वापरावे, इंजिन ऑइल नव्हे. (एका ठिकाणी मी वाटीत खोबरेल पाहिले आहे. थंडीत ते थिजल्यावर मालकांनी मला बोलावले होते.) एक सावधगिरी मात्र हवी: कारखान्यातून ग्रीस भरून आलेल्या सिलिंडरला एकदा तेलाची हवा दिली की ते ग्रीस धुऊन जाते, त्यानंतर तेल बंद करता येत नाही.

प्रश्न : आम्ही फायबरच्या होड्या बांधतो. फिल्टरची पारदर्शक वाटी ॲसिटोनने पुसली. चार दिवसांत तिला बारीक भेगा पडल्या. वाटी वापरावी काय? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती आजच काढून टाकावी. या वाट्या पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि ॲसिटोन, थिनर यांसारख्या द्रावकांमुळे हे प्लॅस्टिक आतून तडकते. दाबाखाली अशी वाटी फुटून तिचे तुकडे डोळ्यांत उडू शकतात. वाटी साबणाच्या कोमट पाण्यानेच धुवावी आणि उघडण्यापूर्वी हवा बंद करून आतला दाब पूर्ण सोडावा. आपल्या कामात रेझिन आणि ॲसिटोनची वाफ सतत असते व कॉम्प्रेसर तीच ओढतो, म्हणून आपल्याकडे नुसती काळजी पुरणार नाही. धातूची वाटी घ्यावी आणि कॉम्प्रेसरची हवा शेडच्या बाहेरून घ्यावी.

प्रश्न : रेग्युलेटरचा दाब कमी करताना काटा खाली येत नाही. – एक वाचक, देवगड

उत्तर : आपला रेग्युलेटर बहुधा जादा दाब बाहेर न सोडणाऱ्या प्रकारचा आहे, पुढची हवा वापरली गेल्याशिवाय काटा उतरणार नाही. दाब सोडणारा प्रकार असेल, तर काटा जागचा न हलणे म्हणजे वरचे बारीक छिद्र मिठाने किंवा धुळीने बुजल्याची खूण. कोणत्याही प्रकारात, हव्या त्या दाबाच्या खाली येऊन मग वर चढत दाब लावावा आणि मूठ कुलूपबंद करावी.