ढोलाचं पान उतरलेलं कळतं, त्याला सूरही कळतो

ताई, मी ३८ वर्षांचा. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिसेंबरात जर्मनीहून पाहुणे येणार आहेत, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये जेवण आणि कराओके आहे. पाहुण्यांना कळावं म्हणून प्रत्येक विभागातून एकाने इंग्रजी गाणं म्हणायचं. मी गणपतीत ढोल वाजवतो म्हणून साहेबांनी माझंच नाव दिलं. पण मला गाता येत नाही. सहावीत स्नेहसंमेलनाच्या समूहगीताच्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून घरच्या आरतीतही मी टाळ्याच वाजवतो. सात वर्षांची मुलगी विचारते, बाबा, तू का म्हणत नाहीस? पावसात ढोलाचं पान उतरलं तर पथकात सगळ्यांच्या आधी मला कळतं, पण स्वतःचा सूर कुठे जातो ते कळत नाही. त्यात शिक्षण मराठी माध्यमातलं. नाव काढून घेऊ का? की एखादं सोपं गाणं आहे?
– ओठ हलवणारा, सिडको, नाशिक

नाव काढून घेऊ नका. गाणं सांगते, पण आधी ढोलाबद्दल बोलू.

चामड्याचं पान दमट हवेत सैल पडतं आणि आवाज खाली येतो. तो फरक पथकात सगळ्यांत आधी तुम्हाला कळतो, म्हणजे तुमचा कान चांगला आहे. सुरातला फरक ओळखताच येत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी, आणि त्यांना दुसऱ्याचं चुकलेलंही जाणवत नाही. तुम्ही त्यांतले नाही. गाणं म्हणजे बऱ्याच अंशी गळ्याच्या स्नायूंची सवय, आणि तुमच्या गळ्याला सव्वीस-सत्तावीस वर्षं कामच मिळालेलं नाही. इतकी वर्षं बंद असलेलं मशीन पहिल्या दिवशी सुरळीत चालत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

त्या बाईंचं वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. कार्यक्रम नीट व्हावा ही त्यांची काळजी मी समजू शकते, पण अकरा वर्षांच्या मुलाला असं सांगायचं नसतं. शाळेतलं समूहगीत पेटीच्या एकाच पट्टीत, म्हणजे सगळ्यांसाठी एकच सा धरून, बसवतात. ती पट्टी ज्याच्या गळ्याला मानवत नाही तो रेकून तरी म्हणतो नाहीतर खाली घसरतो, आणि बेसूर ठरतो. तुमचंही कदाचित एवढंच झालं असेल. पट्टी कुणी बदलून पाहिली नाही.

कराओके कुणामुळे सुरू झालं ते ऐका. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका छोट्या कंपनीचा मालक त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याचं गाणं ओबडधोबड, पण इनोउए त्याला सांभाळून घ्यायचा. या मालकाला सहलीला जाऊन लोकांपुढे गायचं होतं. इनोउएला सोबत जाता येईना, म्हणून त्याने त्या माणसाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून सुचलेलं यंत्र त्याने १९७१ मध्ये तयार केलं. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तुकडा. ज्याला नीट गाता येत नाही आणि तरी कंपनीच्या लोकांपुढे गायचं आहे, अशाच माणसाच्या निमित्ताने ही गोष्ट जन्माला आली. त्या हॉलमध्ये तुम्ही उपरे नसाल.

आता गाणं. तुम्ही ढोलवाले, तेव्हा ड्रमरसाठी लिहिलेलं गाणं घ्या : बीटल्स या इंग्लिश बँडचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स', १९६७ सालचं. ते त्यांच्या ड्रमरने, रिंगो स्टारने गायलंय. त्याचा गळा फार वर-खाली फिरायचा नाही, म्हणून बँडमधल्याच लेनन आणि मॅकार्टनी यांनी मुद्दाम थोड्याच सुरांत चाल बांधली. पहिल्याच ओळीत गाणारा विचारतो, मी बेसूर गायलो तर तुम्ही काय कराल? तुमच्या मनातला प्रश्न तुम्ही तोंड उघडताच विचारून मोकळे व्हाल. पुढे बाकीचे जण प्रश्न विचारतात आणि रिंगो उत्तर देतो, तेव्हा विभागातले दोघं-तिघं प्रश्नांसाठी शेजारी उभे करा. अगदी शेवटचा स्वर तेवढा उंच आहे. रिंगोलाही त्याची धास्ती होती. तुम्ही खालच्याच सुरावर थांबा, काही बिघडत नाही. पावणेतीन मिनिटांत गाणं संपतं. मात्र यूट्यूबवर ट्रॅक शोधताना 'जो कॉकर' या गायकाचा उचलू नका. गाणं तेच, पण तो संथ आहे आणि चिरकायला लागेल इतका वर जातो.

ते मनात बसलं नाही तर 'स्टँड बाय मी' (१९६१) आहे. त्यात तेच चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गट) आवर्तनासारखे फिरत राहतात, त्यामुळे हरवलात तरी पुढच्या समेवर पकडता येतं. हॅरी बेलाफॉन्टेचं 'जमैका फेअरवेल' (१९५६) डोलत म्हणायचं गाणं आहे, फारसं ओढाताणीचं नाही. जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' (१९७१) घेतलंत तर ध्रुवपदाला सगळा हॉल तुमच्याबरोबर म्हणेल. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, ही रीत नाशकात नवी नाही. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे रामनाम आधार आश्रम काढला आणि 'रघुपति राघव'ची चाल घरोघरी नेली. ती म्हणताना कुणाचा गळा कसा आहे हे कुणी पाहत नाही.

क्वीनच्या 'वी विल रॉक यू'चा (१९७७) मोह तुम्हाला होईल. दोनदा पाय आपटायचा आणि एक टाळी, हा ठेका तुमच्या हातातलाच आहे. पण कडव्यांतले इंग्रजी शब्द भराभर येतात, तेव्हा ते गाणं पुढच्या वर्षी. 'हॉटेल कॅलिफोर्निया' कुणी सुचवेलच. नको म्हणा. गाणं साडेसहा मिनिटांचं, आणि शेवटची दोन मिनिटं नुसती गिटार वाजत असताना तुम्ही माईक धरून काय करणार? 'टायटॅनिक'च्या गाण्यात तर शेवटी पट्टीच वर चढते.

पट्टी हीच खरी गोष्ट. बहुतेक ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतात आणि तो गायक बऱ्याचदा वरच्या आवाजाचा असतो. कराओकेच्या मशीनवर आणि बऱ्याच ॲपवर पट्टी खाली-वर करायचं बटण असतं. एक टप्पा म्हणजे सप्तकातल्या बारा स्वरांपैकी एक स्वर. घरी गाणं लावा, सगळ्यांत उंच ओळ म्हणून पाहा. मान ताणली जात असेल तर एकेक टप्पा खाली या. सगळ्यांत खालची ओळ पुटपुटल्यासारखी व्हायला लागली की एक टप्पा वर. आकडा वहीत लिहा आणि त्या दिवशी मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवा. लोकांना हे विचारायची लाज का वाटते, मला कळत नाही. मोठे गवईसुद्धा साथीदाराला आधी पट्टीच सांगतात.

रोज दहा मिनिटं द्या. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून, तोंड मिटून 'म्' करत खालून हळूहळू सरकत सा गाठा. पान ताणताना आवाज चढत जातो आणि हवा तिथे थांबतो, तसंच. एक कान हाताने झाका, शाहीर झाकतात तसा. म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईल. पहिले आठ दिवस गाण्याचे शब्द नुसते ठेक्यात बोला, मांडीवर ताल धरून. ते देवनागरीत लिहून घेतलेत तरी चालतील. उच्चारांची भीती नको. पाहुणे जर्मन आहेत, इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही.

हॉलमध्ये माईक तोंडापासून दोन बोटांवर धरा आणि स्पीकर ऐकू येईल अशा जागी उभे राहा. पुष्कळ लोक तिथे सूर सोडतात ते केवळ स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून.

सराव मात्र एकट्याने दार लावून करू नका. मुलीला समोर बसवा, प्रश्न तिला विचारू दे, उत्तरं तुम्ही द्या. आणि आज संध्याकाळी आरतीला टाळ्यांबरोबर निदान 'जय देव, जय देव' एवढं तोंडाने म्हणा, तिच्या शेजारी उभं राहून. कार्यक्रम झाला की कळवा. कोणत्या आकड्यावर पट्टी जुळली तेही लिहा.

– तुमची ताई