कारमार्दन १९६६ : चमत्कार म्हणण्याआधी थोडं मागे जा

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाची आउटलाइन मिळाली, नीट वाचली. वेल्समध्ये स्वान्सीला शिकत असताना शेजारच्याच कारमार्दन मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतलास हे मला मनापासून पटलं, कारण ट्रेनने तासाभरात पोचता येणाऱ्या जागेवर लिहिताना माणूस जरा तरी जपून लिहितो. पण पहिल्याच पानावर 'चमत्कार' हा शब्द बघितला आणि मला लिहावंसंच वाटलं. १४ जुलै १९६६ ची पोटनिवडणूक, ग्विन्फोर इव्हान्स निवडून आले, प्लाइड कम्रीचा, म्हणजे वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचा, पहिला खासदार, सगळं बरोबर आहे गं, पण चमत्कार म्हटलं की पुढचा विचारच बंद होतो. मी इतकी वर्षं इलेक्शन डेस्कवर बसून हेच बघितलंय, ज्या निकालाचा कुणाला अंदाज आला नाही त्याला सगळे लाट म्हणतात आणि घरी जातात.

मागे जा. निदान १९२० च्या दशकापर्यंत तरी जा. सर आल्फ्रेड मॉन्ड, केमिकलवाले मोठे उद्योगपती, १९२४ मध्ये लिबरल म्हणून इथून निवडून आले, १९२६ मध्ये उठून कॉन्झर्वेटिव्हमध्ये गेले, मग १९२८ मध्ये लॉर्ड होऊन वरच्या सभागृहात गेले आणि सीट रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली. ती लिबरलांनी परत घेतली, फक्त ४७ मतांनी. पुढच्याच वर्षी लेबर, १९३१ ला परत लिबरल, १९३५ ला परत लेबर. म्हणजे ही सीट कधी कुणाच्या खिशात नव्हतीच. तुझ्या आउटलाइनमध्ये 'लेबरचा बालेकिल्ला ढासळला' असं वाक्य आहे ते काढून टाक. रोंडा खोरं बालेकिल्ला म्हण, मर्थर म्हण, कारमार्दन नाही.

आता १९४५ बघ, मला तर हा निकाल १९६६ पेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतो. सगळ्या ब्रिटनमध्ये लेबरची लाट, ॲटली पंतप्रधान, आणि इथे उलटा प्रकार, सीट लेबरकडून लिबरलांकडे गेली! रीस हॉपकिन मॉरिस १,२७९ मतांनी आले. कसं काय? कॉन्झर्वेटिव्हांनी उमेदवारच दिला नव्हता, सरळ दुरंगी लढत होती. मग १९५० ला हेच मॉरिस १८७ मतांनी टिकले, १९५१ ला ४६७ मतांनी. त्यामुळे तुला पहिला सल्ला हा की कोण उभं होतं ते बघतेस तितक्याच बारकाईने कोण उभं नव्हतं ते बघ. निकालाच्या तक्त्यात रिकामी जागा दिसत नाही, ती शोधावी लागते. आपल्याकडची पद्धतही ब्रिटिशांकडूनच आलेली, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो आला, त्यामुळे तिसरा आणि चौथा उमेदवार काय करतो यावर पहिल्याचं नशीब ठरतं हे तुला वेगळं सांगायला नको, गावाकडे तू हे लहानपणापासून ऐकलंयस.

मॉरिस १९५६ च्या शेवटी गेले आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये जी पोटनिवडणूक झाली तिला तू आउटलाइनमध्ये एक ओळ दिलीस. एक ओळ! अगं तिथे एवढं भरलेलं आहे. मेगन लॉइड जॉर्ज, लिबरलांच्या सगळ्यात मोठ्या नेत्याची मुलगी, वेल्समधून निवडून आलेली पहिली महिला खासदार, अँगल्सी बेटावरून १९२९ ते १९५१ लिबरल म्हणून खासदार असलेली, ती १९५५ मध्ये लेबरमध्ये गेली आणि इथे लेबरची उमेदवार म्हणून उभी राहिली, आणि जी जागा घ्यायला उभी राहिली ती कुणाची तर तिच्या वडिलांचे कट्टर विरोधक असलेल्या लिबरल मॉरिसची. नुकतंच सुएझ प्रकरण झालेलं, म्हणजे कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केलेला. लिबरल पक्षाची अधिकृत भूमिका सुएझच्या विरोधात आणि त्यांचा इथला उमेदवार मॉर्गन डेव्हिस मात्र सरकारच्या बाजूने बोलत होता, म्हणजे जो लिबरल मतदार सुएझवरून चिडला होता त्याला मत द्यायला लेबरवाल्या मेगनबाईच उरल्या. २३,६७९ विरुद्ध २०,६१०. प्लाइड कम्रीच्या जेनी आयरियन डेव्हिस यांना ५,७४१. हा तिसरा आकडा लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

मतदारसंघाचा नकाशा घेऊन बस कधीतरी. पूर्वेला अमान आणि ग्वेनड्राइथची खोरी, तिथे अँथ्रासाइट कोळसा, युनियन, लेबर. बाकीकडे टावी नदीच्या काठाने गाई, दूध, शेतकरी, चॅपल (म्हणजे अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रोटेस्टंटांची प्रार्थनाघरं), जुने लिबरल. आणि दोन्हीकडे घरात बोलली जाणारी भाषा वेल्श. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कार्डिफकडच्या खाणकामगाराचं आणि इथल्या खाणकामगाराचं इथेच वेगळं पडतं. लोकांची निष्ठा पक्षाला होती असं मला वाटत नाही, ती चॅपलला होती, खाणीला होती, भाषेला होती, आणि त्या त्या वेळी जो पक्ष ती निष्ठा उचलून धरेल त्याच्या पदरात मतं पडली. तुझ्या प्रबंधाला पाठीचा कणा हवा असेल तर हा घे, माझ्याकडे दुसरा नाही.

आता ये १९६६ वर. मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत मेगनबाई आजारी होत्या तरी ९,२३३ च्या लीडने आल्या. १४ मे ला त्या गेल्या. बरोबर दोन महिन्यांनी मतदान. मार्चचे आणि जुलैचे आकडे मी शेजारी शेजारी मांडतो, तू कॅल्क्युलेटर घेऊन तपास. लेबर २१,२२१ वरून १३,७४३. लिबरल ११,९८८ वरून ८,६५०. कॉन्झर्वेटिव्ह ५,३३८ वरून २,९३४. आणि ग्विन्फोर ७,४१६ वरून १६,१७९. तिघांची मिळून १३,२२० मतं गेली, ग्विन्फोर यांना वाढली ८,७६३, आणि मधली ४,४५७ मतं मतदान कमी झाल्यामुळे गायब. म्हणजे मतं फक्त लेबरची फुटली नाहीत, सगळ्यांचीच फुटली. आणि इथे तू जे लिहिलंयस की 'लेबरच्या साडेसात हजार मतदारांनी प्लाइड कम्रीला मत दिलं' ते तुला सिद्ध करता येणार नाही. मत गुप्त असतं बाई. लेबरचा माणूस घरी बसला असेल, लिबरल प्लाइडकडे गेला असेल, बेरीज तीच येते. बेरजेवरून माणसाच्या मनात शिरायचं नाही. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

कारणं मात्र ठोस आहेत ती मांड. कोळशाच्या खाणी बंद होत होत्या. कारमार्दन ते ॲबरिस्टविथ रेल्वेची प्रवासी गाडी १९६५ मध्ये बंद पडली. त्याच वर्षी उत्तरेला लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव धरणाखाली गेलं, आणि त्या धरणाचं बिल १९५७ मध्ये वेल्सच्या खासदारांच्या पाठिंब्याशिवाय पास झालं होतं. आपल्याकडे धरणग्रस्त हा शब्द उच्चारला की जे जे डोळ्यासमोर येतं ते तिथेही आलं असणार. त्यात केंद्रात लेबरचं सरकार नुकतंच मोठ्या बहुमताने आलेलं, त्यामुळे पोटनिवडणुकीत लेबरला पाडलं तरी सरकार पडत नाही हे प्रत्येकाला माहीत होतं, आणि असं मोकळं मत द्यायला मिळालं की लोक मनातलं बोलतात. लेबरचे ग्विलिम प्रीस डेव्हिस काही वाईट उमेदवार नव्हते हेही लिही, भाषेच्या प्रश्नावर ते स्वतः कळकळीचे होते, हरलेल्याला मूर्ख ठरवून इतिहास लिहिणं सोपं असतं म्हणून सगळे तसं लिहितात.

ग्विन्फोर यांच्याबद्दल तू फार भक्तिभावाने लिहितेस. मलाही माणूस आवडतो, लांगाडोगला टोमॅटो पिकवणारा, शांततावादी, १९४५ ते १९८१ पक्षाचा अध्यक्ष. संसदेत वेल्शमध्ये शपथ घेऊ द्या म्हणाले, १९६६ ला नाही म्हणून सांगितलं गेलं. पण हिशोब बघ, या मतदारसंघात १९६४ पासून १९८३ पर्यंत ते आठ वेळा उभे राहिले आणि दोनदाच आले. १९६७ चा वेल्श भाषा कायदा त्यांच्या खात्यावर टाकू नकोस, त्याची तयारी आधीपासून चालू होती. त्यांच्या विजयाचा धक्का बघायचा तर १९६७ ची रोंडा वेस्ट आणि १९६८ ची केअरफिली या पोटनिवडणुका बघ, लेबरच्या पक्क्या सीटवर प्लाइड हरली पण लेबरची लीड दोन-अडीच हजारांच्या आत आली, तिथे मात्र बालेकिल्ला हा शब्द वापर.

१९७० ला लेबरचा सत्तावीस वर्षांचा पोरगा, ग्विनोरो जोन्स, उभा राहिला आणि त्याने ३,९०७ मतांनी सीट परत घेतली. (नावं सारखी आहेत, ग्विन्फोर आणि ग्विनोरो, तुझ्या आउटलाइनमध्ये एका ठिकाणी अदलाबदल झालीय.) १९६९ मध्ये चार्ल्सला प्रिन्स ऑफ वेल्स करण्याचा मोठा समारंभ झाला होता, ग्विन्फोर गेले नाहीत, आणि त्या वातावरणात ते जरा अडचणीतच सापडले.

फेब्रुवारी १९७४. हे तुझं लाडकं पान दिसतंय, चार पॅराग्राफ! ग्विनोरो १७,१६५, ग्विन्फोर १७,१६२. तीन मतं. फेरमोजणीवर फेरमोजणी. किस्सा म्हणून एक नंबर आहे, पण माझ्या मते त्याच्यावर एक पॅराग्राफ पुरे. तीन मतांचा फरक म्हणजे कुणाची तरी बस चुकली, कुणाला तरी ताप आला, त्यातून मतदारसंघाबद्दल काही कळत नाही, इतकंच कळतं की दोघं बरोबरीत होते. त्यापेक्षा लिहायची गोष्ट ही की त्याच रात्री कार्नार्वन आणि मेरियोनेथला प्लाइडचे दोघे निवडून आले आणि अध्यक्ष मात्र घरी बसले. आणि खरं उत्तर आलं ऑक्टोबरमध्ये. ग्विन्फोर २३,३२५, ग्विनोरो १९,६८५. दोघांचीही मतं वाढली हे बघितलंस का? लिबरल आणि कॉन्झर्वेटिव्ह दोघांची आटली. म्हणजे फेब्रुवारीच्या तीन मतांनी लोकांना सांगितलं की लढत या दोघांत आहे, तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया, आणि आठ महिन्यांत मतदारांनी ते मनावर घेतलं. तीन मतांचा एवढाच उपयोग, पण हा उपयोग फार मोठा आहे, इथे पानं खर्च कर.

पुढचं मी भरभर सांगतो. १ मार्च १९७९ ला वेल्सला स्वतःची असेंब्ली हवी का यावर सार्वमत झालं, चारास एक असं नाही आलं, आणि दोन महिन्यांत ग्विन्फोर १,९७८ मतांनी पडले. १९८३ ला तर तिसरे, आणि दुसऱ्या नंबरवर कोण तर १९६६ मध्ये डिपॉझिट घालवलेले कॉन्झर्वेटिव्ह. पण या दोन पराभवांच्या मधेच त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं. कॉन्झर्वेटिव्ह सरकारने वेल्श भाषेच्या टीव्ही चॅनलचं आश्वासन फिरवलं, ग्विन्फोर यांनी १९८० मध्ये जाहीर केलं की ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषण, आणि सप्टेंबरमध्येच सरकार नमलं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅनल सुरू झालं. तेव्हा ते खासदार नव्हते. निवडणूक इतिहासात हे बसतं का, असं गाइड विचारतील. बसतं म्हणून सांग, कारण या सीटवर काय मागितलं जात होतं ते यातून कळतं.

१९९७ ला मतदारसंघाचे तुकडे झाले, पूर्व कारमार्दन आणि दिनेव्हुर वेगळा, पश्चिमेचा भाग दक्षिण पेंब्रोकशायरला जोडला. १९९७ नंतरचे आकडे जुन्या आकड्यांना सरळ जोडून ग्राफ काढलायस तो फाड, हद्द बदलली की माणसं बदलतात. पूर्वेकडची सीट २००१ मध्ये ॲडम प्राइस यांनी लेबरकडून प्लाइडला आणली आणि २०१९ पर्यंतच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत ती प्लाइडनेच जिंकली. २०२४ ला परत नवी रचना, नाव वेल्शमध्ये, 'कायर्व्हर्दिन', तिथे प्लाइडच्या ॲन डेव्हिस आल्या आणि कॉन्झर्वेटिव्हांचे चीफ व्हिप सायमन हार्ट पडले. आणि १९९७ चं दुसरं सार्वमत विसरू नकोस, सगळ्या वेल्समध्ये शेवटचा निकाल कारमार्दनशायरचा यायचा होता, तोवर 'नाही'वाले पुढे होते, या जिल्ह्याने पारडं फिरवलं आणि ६,७२१ मतांनी असेंब्ली मंजूर झाली. १९७९ मध्ये ज्या प्रश्नाने ग्विन्फोर यांची सीट खाल्ली, अठरा वर्षांनी त्याच प्रश्नावर हा जिल्हा असा वागला. हा धागा आउटलाइनमध्ये कुठेच नाही, मला आश्चर्य वाटलं.

कामाचं बोलायचं तर ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीत राजकारणाचं वेगळं अर्काइव्ह आहे, तिथे निघायच्या आधी मेल करून काय बघायचंय ते कळव. त्यांची ऑनलाइन वर्तमानपत्रं १९१९ पर्यंतच आहेत, पुढचं तिथे जाऊन बघावं लागेल, 'कारमार्दन जर्नल' आधी माग. जेवढं वेल्श शिकलीयस तेवढं वापर, वेल्श पेपरात आणि इंग्रजी पेपरात एकाच सभेची बातमी वेगळी दिसेल. आणि ज्यांनी १९७४ ला मत दिलं ते लोक अजून आहेत गं, अमान खोऱ्यातल्या अमानफर्डला जाऊन चहा प्यायला बस, पण त्यांना 'कुणाला मत दिलं' हे विचारू नकोस, तेव्हा काम काय करत होते ते विचार.

आधी १९५७ चा भाग लिहून पाठव. १९६६ ला त्यानंतर हात लाव.

तुझा,
सर