टीव्हीच्या मागच्या बाजूला : वाचकांचे प्रश्न

मुलाने ५५ इंची फोर-के टीव्ही आणला. चित्र सुरेख आहे, पण आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येतं. दुकानदार साउंडबार घ्या म्हणतो, वर विचारतो, "एआरसीवर लावणार की ऑप्टिकलवर?" माझं वय ७८. घर जुन्या चाळीत, खोलीला लाकडी तक्तपोशी.
— एक वाचक, गिरगाव

आजोबा, तुमचं पत्र मुद्दाम पहिलं घेतलं. ज्येष्ठांच्या घरी टीव्ही बसवायला गेले की हीच तक्रार कानावर येते, आणि घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "त्यांना हल्ली कमी ऐकू येतं." तेवढ्यावर विषय मिटतो. तो तसा मिटू नये, कारण दोष एकट्या कानाचा नसतो.

टीव्ही पातळ झाले तशी स्पीकरची जागा गेली. आता ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो, मग तुमच्याकडे येतो. शिवाय ओटीटीवरचे बरेचसे सिनेमे आणि मालिका ५.१ आवाजात बनवलेल्या असतात: समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा मागे दोन आणि खर्जासाठी एक सबवूफर. यात संवाद मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरसाठी असतात. तुमच्या टीव्हीत बहुधा तो मधला स्पीकरच नाही. सगळ्या वाटांचा (चॅनलचा) आवाज डाव्या-उजव्या दोन स्पीकरांत कोंबला जातो आणि बोलणं संगीताखाली दबतं.

कानाचं म्हणाल तर वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख वरच्या पट्टीत. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. कानाच्या डॉक्टरांकडून एकदा तपासणी जरूर करून घ्या, पण टीव्हीसुद्धा तपासा.

पैसे खर्च करण्याआधी नातवाला किंवा मुलाला शेजारी बसवून एवढं करून घ्या. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'सराउंड' किंवा 'व्हर्च्युअल' असं जे काही असेल ते बंद करा. बास कमी, ट्रेबल थोडा जास्त ठेवा. 'क्लिअर व्हॉइस', 'स्पीच' अशा नावाचा पर्याय असेल तर तो लावा. 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' असेल तर तोही लावून पाहा. त्याने मोठे आवाज खाली येतात आणि हळू बोललेलं वर येतं. ओटीटीवर भाषा निवडताना नावापुढे ५.१ लिहिलेलं असेल आणि साधा स्टीरिओ पर्यायही दिलेला असेल, तर साधा निवडा. पुष्कळ घरी एवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं, तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची लांबट स्पीकरपट्टी, घ्या, पण आकडा बघून. खोक्यावर २.१, ३.१, ५.१.२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा कानाच्या उंचीवरून येणाऱ्या वाटांचा, दुसरा सबवूफरचा, तिसरा असलाच तर छताच्या दिशेने आवाज फेकणाऱ्यांचा. तुम्हाला ३.१ हवा, कारण त्यात संवादांसाठी मधली वाट वेगळी असते. तिसऱ्या आकड्यासाठी पैसे मोजू नका. तो आवाज छतावर आपटून खाली यावा अशी योजना असते, त्याला सपाट, टणक छत लागतं. तुमच्या तुळया-फळ्यांच्या छताखाली त्याचा भरवसा नाही.

सबवूफर मात्र जपून लावा. खर्जाचा आवाज लाकडी जमिनीतून आणि तुळयांतून खालच्या खोलीत पोचतो. वरच्या माणसाला जेमतेम जाणवतो तेव्हा खालच्याची भांडी वाजत असतात. त्याखाली जाड रबरी मॅट घाला आणि त्याची पातळी अगदी कमी ठेवा. संवादांसाठी त्याची गरज नाही.

आता दुकानदाराचा प्रश्न. एआरसीवर लावा. एआरसी म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल) साउंडबारकडे पाठवायची सोय. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन तोंडं असतात, त्यांपैकी सहसा एकावरच एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं. साउंडबारची केबल त्याच तोंडात घाला, शेजारच्या तोंडात घालून आवाज येणार नाही. सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या तोंडात. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना हुकूम देतात ती सोय, चालू करा. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकल केबल (आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी) वाईट नाही, पण तिच्यातून रिमोटचा हुकूम जात नाही, म्हणून बहुतेक वेळा हातात दोन रिमोट येतात. तुमच्यासाठी एआरसीचा मोठा फायदा हाच. ईएआरसी ही त्याची पुढची आवृत्ती, २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेली. तिच्यातून न दाबलेला, जड आवाज जातो. ब्लू-रे प्लेअर आणि मोठी स्पीकर यंत्रणा असेल तरच तिचा विचार करा.

ओठ आधी हलले आणि शब्द मागून आला, तर साउंडबारच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमधल्या 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले'शी खेळून बघा. ब्लूटूथवर लावलेल्या साउंडबारमध्ये हा त्रास जास्त होतो.

दुकानात एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी अशा रांगा आहेत. पश्चिमेची खिडकी, दुपारी लख्ख ऊन. हे दिवसभर बातम्या लावून बसतात. काय घेऊ?
— एक वाचक, मुलुंड

ताई, पहिले तिन्ही मुळात एलसीडीच. पडदा स्वतः उजळत नाही, मागच्या एलईडी दिव्यांचा उजेड अडवतो नाहीतर सोडतो. क्यूएलईडीत त्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्यामुळे लाल आणि हिरवा रंग अधिक शुद्ध येतो. (या कणांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) मिनी-एलईडीत मागचे दिवे खूप बारीक आणि गटागटाने कमी-जास्त होणारे, म्हणून काळा भाग बराच काळा दिसतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला मी ओएलईडीच सुचवते. तुम्हाला नाही. कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो आणि खालची ब्रेकिंग न्यूजची पट्टी महिनोन्महिने एकाच जागी राहिली, तर तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात आणि पुसट सावली कायमची राहू शकते. दुसरी गोष्ट आपल्या सवयीची आहे. ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये ठिपक्यांची दुरुस्ती करून घेतो. आपल्याकडे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त आहे, मग ती दुरुस्ती राहूनच जाते. ज्यांच्याकडे ओएलईडी आहे त्यांनी एवढं एक बटण चालू ठेवावं. फक्त विजा कडकडत असतील तेव्हा काढावं.

तुमच्या उन्हाला मिनी-एलईडी बरा, कारण पूर्ण पडदा उजळ असताना तो जास्त प्रकाश देतो. दुकानात बघताना समोर उभ्या राहू नका. तुमच्या घरी पलंग आणि सोफा टीव्हीला जिथे असतील, त्या तिरक्या कोनातून बघा. एलसीडी पडद्याचे (पॅनलचे) व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार. व्हीएचा काळा रंग छान असतो पण बाजूने रंग उडालेले दिसतात. आयपीएस बाजूनेही नीट दिसतो, काळा मात्र करडा वाटतो. खोक्यावर हे बहुधा लिहिलेलं नसतं. डोळ्यांनीच बघावं लागतं.

फोर-के टीव्हीवर केबलच्या वाहिन्या जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतात. टीव्ही खराब निघाला का?
— एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी

नाही, दादा. फोर-केत आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, एकूण ८२,९४,४००. साधी एसडी वाहिनी जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके पाठवते. बरोबर वीसपट फरक. एका ठिपक्याच्या माहितीवरून टीव्हीला वीस ठिपके रंगवायचे आहेत, त्यातले एकोणीस अंदाजाने. जुन्या लहान टीव्हीवर हा अंदाज कमी लागायचा.

आधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. सेट-टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलाय का? मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला ॲनालॉग केबल बंद झाली, घरोघरी बॉक्स आले, तेव्हा जोडलेली तीच वायर अजून कित्येक घरांत आहे. टीव्ही बदलला, वायर राहिली. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. बॉक्सला एचडीएमआय असेल तर ती केबल लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (एचडी चित्राचा पर्याय) निवडा आणि तुमच्या आवडीच्या वाहिनीची एचडी आवृत्ती पॅकमध्ये आहे का ते बघा. बॉक्स एसडीच असेल तर बदलून मागा. आणि जुन्या मालिकांतली माणसं आडवी फुगलेली दिसत असतील, तर चित्राचा आकार 'ओरिजिनल' करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. चेहरे बिघडवून पडदा भरण्यात काय मिळतं?

पावसाळ्यात चित्राचे चौकोन होतात, मग "नो सिग्नल". छत्री बदलू का?
— एक वाचक, दहिसर

डीटीएचचा सिग्नल केयू बँडमध्ये येतो, सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि मुसळधार सरी तो शोषून घेतात. सर ओसरल्यावर चित्र परत येत असेल तर बिघाड नाही. रिपरिप पावसातही जात असेल तर छत्री वाऱ्याने हलली असेल किंवा बाहेरच्या जोडणीत पाणी गेलं असेल. समुद्राच्या हवेत ते जोड लवकर गंजतात. पावसाळ्याआधी जोड नवे करून वर वॉटरप्रूफ टेप मारून घ्या.

नव्या टीव्हीवर सिनेमासुद्धा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. असं का?
— एक वाचक, दादर

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो, म्हणून तसं दिसतं. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो अशी त्याची नावं. ते बंद करा, किंवा टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. क्रिकेट बघताना हवं तर ठेवा.

साउंडबारवर "पीएमपीओ" असं लिहून पुढे हजारोंत वॅट छापलेत. चांगला असेल का?
— एक वाचक, कुर्ला

त्या आकड्यावर जाऊ नका. पीएमपीओ कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियमच नाही. आरएमएस वॅट किती ते विचारा, म्हणजे तो सतत किती ताकद देऊ शकतो. मुंबईतल्या नेहमीच्या दिवाणखान्याला ६० ते १०० आरएमएस पुष्कळ होतात. आरएमएसचा आकडा खोक्यावरही नाही आणि विक्रेत्यालाही सांगता येत नाही, तर तो साउंडबार घेऊ नका.